अगस्त्यकूडम : वाट दाखविणाऱ्यांचा पर्वत

अगस्ती ऋषींचे नाव मराठी माणसाला नवे नाही. अकोले येथे प्रवरेच्या काठी त्यांचा आश्रम दाखविला जातो आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेली कळसूबाई त्याच तालुक्यात उभी आहे. विंध्य पर्वताला नमवून अगस्ती दक्षिणेकडे निघाले ते परत फिरलेच नाहीत, ही पुराणकथा बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. दक्षिणेत गेलेले हे ऋषी अखेर कोठे स्थिरावले, या प्रश्नाचे लोकश्रद्धेने दिलेले उत्तर म्हणजे सह्याद्रीच्या दुसऱ्या टोकाला असलेले अगस्त्यकूडम हे शिखर.

केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, तामिळनाडूच्या सीमेलगत उभे असलेले हे शिखर समुद्रसपाटीपासून १,८६८ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा २२२ मीटरने अधिक आहे. तथापि केरळला जाणारा पर्यटक मुन्नार, ठेक्कडी आणि कोवळमचा किनारा पाहून परततो. अगस्त्यकूडमची वाट फार थोड्यांच्या पायाखालची आहे. या पर्वताचे महत्त्व मात्र केवळ उंचीत किंवा निसर्गशोभेत नाही. येथील एका पायवाटेवर १९८७ साली जे घडले, त्यातून जंगलातील ज्ञानाचे मोल कोणाला मिळावे, हा प्रश्न पुढे आला.

तीन दिवसांची वाटचाल

अगस्त्यकूडमच्या पदभ्रमणाचा हंगाम अल्प असतो. साधारणपणे मकरसंक्रांतीच्या सुमारास वाट खुली होते आणि महाशिवरात्रीच्या आसपास हा मुख्य हंगाम संपतो. केरळचा वनविभाग दररोज ठरावीक संख्येनेच, सुमारे शंभर जणांना, प्रवेश देतो. नोंदणी आगाऊ करावी लागते आणि ती सुरू होताच अल्पावधीत भरते.

प्रारंभ होतो तो तिरुवनंतपुरमपासून सुमारे साठ किलोमीटरवरील बोनाकाड येथून. ब्रिटिशकाळात वसविलेल्या चहाच्या मळ्याच्या खुणा येथे अद्याप दिसतात. पहिल्या दिवशी सुमारे पंधरा किलोमीटर चालून अतिरुमला या तळावर पोहोचावे लागते. वाट प्रथम सदाहरित अरण्यातून जाते. ओढ्यामागून ओढे ओलांडावे लागतात, दाट सावलीत ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि ओलसर जागी जळवा पायांना चिकटतात. त्यानंतर उंच गवताचा उघडा माळ लागतो. तेथे सावली नाही. म्हणून तो भाग ऊन चढण्यापूर्वी मागे टाकलेला बरा. त्यापुढे दमछाक करणारी, वळणे घेत जाणारी चढण संपली की तळ येतो. हा सारा प्रदेश हत्तींचा असल्याने तळाभोवती चर खणलेला आहे. सूर्यास्तानंतर बाहेर पडण्यास मनाई असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिखराकडे प्रस्थान ठेवले जाते. बांबू आणि वेताच्या दाटीतून वर आल्यावर पोंगालपारा नावाचा विस्तीर्ण कातळ लागतो. येथील झऱ्याच्या पाण्यावर यात्रेकरू पूर्वापार पोंगल शिजवीत आले, म्हणून हे नाव. येथून झाडे खुजी होत जातात, वारा वाढतो आणि अखेरच्या टप्प्यात उघड्या खडकावर बांधलेल्या दोरखंडांना धरून चढावे लागते. माथ्यावर अगस्ती ऋषींची पाषाणमूर्ती आहे. हवा स्वच्छ असेल तर खाली नेय्यार आणि पेप्पारा धरणांचे जलाशय दिसतात. नसेल तर क्षणात दाटणाऱ्या ढगांवर समाधान मानावे लागते. त्याच दिवशी तळावर उतरून तिसऱ्या दिवशी बोनाकाड गाठायचे, असा हा क्रम असतो.

नद्यांचे आणि वनस्पतींचे माहेर

या डोंगररांगेतून उगम पावणारी ताम्रपर्णी पूर्वेकडे वाहत तामिळनाडूतील तिरुनेलवेलीची शेते भिजविते. नेय्यार आणि करमना या नद्या पश्चिमेकडे जातात. तिरुवनंतपुरम शहराची तहान प्रामुख्याने करमनेच्या पाण्यावर भागते. शिखरावर जाणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवण्यामागे वन्यजीवांप्रमाणेच या पाण्याचाही विचार आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञांना तर हा पर्वत म्हणजे खजिनाच. २००१ साली येथे जीवावरण राखीव क्षेत्र स्थापन झाले आणि २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला. युनेस्कोच्या नोंदीनुसार या क्षेत्रात उच्चवर्गीय वनस्पतींच्या २,२५४ जाती असून त्यांपैकी सुमारे ४०० प्रदेशनिष्ठ, म्हणजे अन्यत्र न आढळणाऱ्या आहेत.

खजिना म्हटला की त्याला पाय फुटण्याची भीतीही आलीच. 'पॅफिओपेडिलम ड्रुरी' हे पिवळ्या फुलांचे, पादत्राणाच्या आकाराचे ऑर्किड केवळ याच डोंगरांत आढळते. १८६५ साली कर्नल हेबर ड्रुरी यांना ते सापडले. पुढे हौशी संग्राहक आणि व्यापारी यांनी ते इतके उपटून नेले की, नैसर्गिक अधिवासात ते नामशेष होण्याच्या सीमेवर आले. डोंगराला त्याच्या मोबदल्यात काहीही मिळाले नाही.

काळसर फळांचे रहस्य

या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काणी ही आदिवासी जमात. तिच्या वस्तीप्रमुखाला 'मूट्टुकाणी' आणि वैदूला 'प्लाथी' म्हणतात. शिखराकडे जाणाऱ्या पाहुण्यांना आज वाट दाखवितात ते बहुधा याच जमातीचे वाटाडे.

डिसेंबर १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांचे एक पथक या डोंगरांत फिरत होते. चढणीने संशोधक थकून जात. सोबतचे काणी वाटाडे मात्र ताजेतवाने असत. ते अधूनमधून कसली तरी छोटी काळसर फळे चघळत होते. संशोधकांनी ती खाऊन पाहिली, तेव्हा त्यांनाही तरतरी जाणवली. फळ कशाचे, हे सांगण्यास वाटाडे प्रथम राजी नव्हते. जमातीचे हे ज्ञान परक्यांना द्यावयाचे नाही, असा संकेत होता. ज्ञानाचा दुरुपयोग होणार नाही, असा विश्वास पटल्यावर त्यांनी ते रोप दाखविले. ते होते 'आरोग्यपच्चा', शास्त्रीय नाव 'ट्रायकोपस झेलॅनिकस'.

पुढे तिरुवनंतपुरमजवळील पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत या वनस्पतीवर काम झाले. तिची पाने आणि अन्य तीन औषधी वनस्पती यांपासून 'जीवनी' नावाचे शक्तिवर्धक तयार झाले. १९९५ साली संस्थेने त्याच्या उत्पादनाचा परवाना एका आयुर्वेदिक औषधनिर्मात्या कंपनीला दिला. परवाना शुल्क दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन ठरले. या दोन्ही रकमांचा निम्मा वाटा काणी समाजाला द्यावा, असा निर्णय संस्थेने घेतला. त्या वेळी देशात जैवविविधता कायदा नव्हता. तो २००२ साली आला. पारंपरिक ज्ञानाच्या मोबदल्याची जगातील आरंभीच्या उदाहरणांत म्हणूनच या कराराची गणना होते.

मुद्दल राखून व्याजावर

पैसे द्यावयाचे तर कोणाला, हा प्रश्न लगेच उभा राहिला. काणी समाज अनेक वस्त्यांत विखुरलेला. त्याचे एकत्रित खाते नव्हते की संस्था नव्हती. १९९७ साली काणींचा एक विश्वस्त निधी स्थापन झाला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये सुमारे ५ लाख १९ हजार रुपये त्याच्या खात्यावर जमा झाले. मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज समाजाच्या कल्याणासाठी वापरावे, असे ठरले. वाटचालीचे हे शहाणपण बँकेच्या ग्राहकांना निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अर्थात सारे सुरळीत झाले, असे म्हणता येणार नाही. ज्या वस्त्यांचा संस्थेशी संपर्क होता त्यांना लाभ अधिक जवळचा वाटला. दूरच्या वस्त्यांना आपल्याला विचारलेच गेले नाही, अशी खंत राहिली. काही वैदूंना हे ज्ञान विक्रीला निघणेच अमान्य होते. औषधाची मागणी वाढताच रोपांची चोरटी उपटणी सुरू झाली आणि वनविभागाला लागवडीबाबतही निर्बंध घालावे लागले. ऑर्किडची लूट आणि आरोग्यपच्चाचा करार या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर मात्र फरक ध्यानी येतो. पहिल्या व्यवहारात हिशेबच नव्हता. दुसऱ्यात हिशेब अपुरा असेल, पण तो मांडला गेला, आणि जे मांडलेले असते त्यात दुरुस्ती करता येते.

सर्वांसाठी वाट

प्रवेश कोणाला, हा वादही या पर्वताने पाहिला. दीर्घकाळ स्त्रियांना शिखरापर्यंत जाण्यास मनाई होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, जानेवारी २०१९ मध्ये, संरक्षण खात्याच्या प्रवक्त्या धन्या सनल यांनी शिखर गाठले. काणी समाजातील अनेकांना हा बदल रुचला नव्हता. त्यांनी बोनाकाडला आपला निषेध शांततेने नोंदविला आणि कोणाचीही वाट अडविली नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

या चढाईसाठी गिर्यारोहणाचे तंत्र अवगत असणे आवश्यक नाही. परंतु सलग तीन दिवस चालण्याची शारीरिक क्षमता हवी. निदान महिनाभर आधीपासून रोज चालण्याचा सराव ठेवावा. पकड घेणारे बूट, जळवांपासून संरक्षणासाठी लांब मोजे व मीठ, पावसाचे वस्त्र आणि विजेरी सोबत असावी. प्लॅस्टिक नेऊ नये. नोंदणीच्या अटी, शुल्क आणि वैद्यकीय प्रमाणपत्राबाबतचे नियम वनविभाग प्रत्येक हंगामापूर्वी जाहीर करतो. ते पाहूनच प्रवासाची आरक्षणे करावीत.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. वाटाड्याच्या पुढे धावू नये. त्याच्या चालीने चालावे, तो थांबेल तेथे थांबावे, सांगेल ते ऐकावे आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. अगस्त्यकूडमच्या माथ्यावरून परतणाऱ्याजवळ छायाचित्रे असतात, दमलेले पाय असतात. त्यांबरोबरच ज्याने वाट दाखविली त्याचे नावही स्मरणात असावे.