वसई-विरारचा विसावा नंबर

केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने १३ ऑगस्ट २०१८ रोजी देशातली १११ शहरे राहायला किती सोयीची आहेत याची क्रमवारी जाहीर केली. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी आणि वसई-विरार विसावे. नाशिक, सोलापूर, नागपूर सगळे मागे पडले. पाचच आठवड्यांपूर्वी, १० जुलैला, याच वसई-विरारमध्ये रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या होत्या आणि नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढले होते. नंबर ऐकून विरारकर हसले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

आकडेमोड मात्र चुकलेली नव्हती. पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, शिक्षण, आरोग्य, सुरक्षितता असे पंधरा गट त्यात होते. पुराचा वेगळा गट नव्हता. शिवाय १०० पैकी ४५ गुण भौतिक सुविधांना आणि रोजगार-अर्थव्यवस्थेला अवघे ५. हे ४५ आणि ५ कुठल्या यंत्राने मोजलेले नसतात, ते माणसांनी बसून ठरवलेले असतात. ते बदलले की नंबरही बदलतात.

देशांची तुलना करतानाही हीच अडचण येते. दरडोई उत्पन्नावरून जीवनमान ठरवू नये, हा आग्रह धरणाऱ्यांत मॉरिस डेव्हिड मॉरिस हा अमेरिकी आर्थिक इतिहासकार होता. मुंबईच्या गिरणी कामगारांवरचे त्याचे पुस्तक १९६५चे. पुढे १९७०च्या दशकात त्याने बालमृत्यू, एक वर्षाच्या मुलाचे पुढचे सरासरी आयुर्मान आणि साक्षरता या तिन्हींचा एक निर्देशांक बांधला. त्यात पैसा नव्हताच. या पट्टीवर श्रीलंकेसारखा गरीब देश उत्पन्नाच्या मानाने खूपच वर दिसू लागला.

१९९०मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने संयुक्त राष्ट्रांसाठी मानव विकास निर्देशांक आणला, तेव्हा पैसा परत आत आला, पण त्याला लगाम घालून. भारताचे २०२३चे आकडे घेऊन गणित करून पाहू. आयुर्मान ७२ वर्षे. पट्टी २० ते ८५ वर्षांची, म्हणून ५२ भागिले ६५, म्हणजे ०.८. शिक्षणात, आज शाळेत जाणाऱ्या मुलाची अपेक्षित वर्षे १३ (कमाल १८) आणि पंचविशीपुढच्या प्रौढांनी सरासरी प्रत्यक्ष शिकलेली वर्षे ६.९ (कमाल १५). दोहोंची सरासरी ०.५९. उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबाने ९,०४७ डॉलर. ते लॉगॅरिदमने मोजतात, कारण महिना दहा हजारांचे वीस हजार झाले की घरात जो फरक पडतो, तो दोन लाखांत दहा हजारांची भर पडल्याने पडत नाही. त्याचे ०.६८ येतात. तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढले की ०.६८५, १९३ देशांत आपण १३०वे. साध्या सरासरीऐवजी गुणाकार २०१०पासून आला. त्यामुळे शिक्षणातली तूट पैशाने सहज झाकता येत नाही.

सरासरीने मात्र बरेच झाकले जाते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला बारा लाखांवर वस्तीची (२०११ची जनगणना) वसई-विरार महापालिका आणि दुसऱ्या टोकाला कुपोषणाशी अजून झुंजणारे जव्हार-मोखाडा. या दोहोंची सरासरी ज्या गावाचे वर्णन करते, ते गाव जिल्ह्यात कुठेच सापडणार नाही. अशा विषमतेची वजावट केली की भारताच्या निर्देशांकातले सुमारे ३० टक्के गळून पडतात.

राष्ट्रीय उत्पन्नाचा एक विनोद तर वसईला चांगलाच ठाऊक आहे. बावखलांच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक तळ्यांच्या, पाझरावर भरणाऱ्या विहिरीचे गोडे पाणी घरच्या घरी शेंदले तर देशाच्या उत्पन्नात व्यवहारात जवळजवळ काहीच जमा होत नाही. तेच पाणी उपसून टँकरने इमारतींना विकले की जमा होते. विहीर खारट झाली आणि मूळ मालकावरच टँकर मागवायची वेळ आली, तर आणखी जमा होते! १९८०च्या दशकाअखेरीस वसईचे धर्मगुरू-लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई या पर्यावरण चळवळीचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, ते याच हिशेबाविरुद्ध, असे मी मानतो. मानव विकास निर्देशांकातही विहिरीला रकाना नाही.

वेळेलाही नाही. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास नुसते गाडीत, तेही बहुतेकांचे उभ्याने. चर्चगेटचा पगार निर्देशांकात मोजला जातो, हे तास नाहीत.

श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०११मध्ये कशाला किती वजन द्यायचे या प्रश्नावर एक तोड काढली. घर, आरोग्य, पर्यावरण, काम आणि फुरसतीचा तोल असे अकरा विषय मांडले आणि प्रत्येकाचे वजन वाचणाऱ्यालाच ठरवू दिले. वजन हलवले की देशांचे क्रम समोरच खालीवर होतात. वसई-विरारसाठी तसे काही केले, तर भुईगावचा बागायतदार विहिरीवर सगळा भार टाकेल, नालासोपाऱ्याचा भाडेकरू गाडीतल्या तासांवर आणि सखल भागातल्या चाळीत तळमजल्यावर राहणारा जुलै महिन्यावर.