एसयूव्ही जास्त इंधन का पिते?

अमरावती-अकोला महामार्गावर सारख्याच वेगाने धावताना एसयूव्हीला छोट्या मोटारीपेक्षा जास्त इंधन लागते. मुख्य कारण हवा. सूप वाऱ्यासमोर उभे धरले की हाताला जोर लागतो. तसेच एसयूव्हीच्या उंच, रुंद पुढच्या भागाला अधिक हवा बाजूला सारावी लागते. वेग ताशी 80 वरून 100 किलोमीटर केला, तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. टपावरचे कॅरिअर त्यात भर घालते.

शहरात वजन भोवते. जड गाडीला गती देताना खर्चलेली ऊर्जा प्रत्येक ब्रेकला उष्णता होऊन वाया जाते. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याचा घाट चढताना हेच वजन वर न्यावे लागते.

टायरमध्ये योग्य हवा, रिकामा टप आणि स्थिर, मध्यम वेग ठेवल्यास मायलेज सुधारते.