भाव कळला, पण फूल थांबत नाही

मुदखेड हे रेल्वेचं जंक्शन. एक फाटा निजामाबादवरून हैदराबादकडे जातो, दुसरा आदिलाबादला. नांदेड तर हाकेच्या अंतरावर. झेंडू, शेवंती, गलांडा, काकडा, गुलाब या फुलांची शेती इथं रुजली, त्यात या जवळिकीचा वाटा मोठा आहे. पहाटे तोडलेलं फूल दुपारनंतर मलूल पडतं, म्हणून फुलाचा सगळा व्यवहार घड्याळाशी बांधलेला असतो.

पूर्वी भाव कळायचा तो माल आडतीवर उतरल्यावर. पडला असला तरी फुलं परत घरी आणून करायचं काय? मिळेल त्या पैशाला देऊन यायचं. आज भाव तोडणीआधीच व्हॉट्सॲपवर येतो.

असा बदल घडताना मोजून पाहिला तो अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी, केरळच्या उत्तर किनाऱ्यावर. 1997 ते 2001 या काळात तिथं टप्प्याटप्प्यानं मोबाइल सेवा सुरू झाली. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकली जात होती आणि पंधरा किलोमीटरच्या आतल्याच दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतत होतं. रोजच्या मासळीतली 5 ते 8 टक्के अशी वाया जायची. फोन आले, कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि ही नासाडी थांबली. कोळ्यांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला, तरी गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त पडली.

मासळी आणि फूल दोन्ही नाशवंत. पण कोळ्याकडे स्वतःची होडी होती. भाव कळताच त्यानं ती दुसऱ्या बंदराकडे वळवली. अर्ध्या एकरात दोन-तीन कॅरेट फुलं निघणाऱ्या शेतकऱ्याला हैदराबादच्या गुडीमलकापूर बाजारातला चढा भाव कळून काय उपयोग? तेवढ्या मालासाठी गाडी परवडत नाही आणि शीतगृह नसेल तर उद्यापर्यंत थांबताही येत नाही. नुसती माहिती त्याच्या हातात बळ देत नाही. पाच-सहा जणांनी माल एकत्र करून एकच गाडी ठरवली, तर मात्र त्याच फोनची खरी किंमत वसूल होते. माझ्या मते फुलपट्ट्यात फोनचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. भाव सांगणं त्यानंतर येतं.

आणि गाडी ठरवायची ही बोलणी करतं कोण? फुलं तोडायला वाकतात त्या बहुतेक बाया, फोन असतो घरच्या पुरुषाच्या खिशात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया 54 टक्के. इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष 57 टक्के, तर स्त्रिया 33 टक्के. आज किती फुलं निघतील, कोणती कळी उद्यावर ठेवता येईल, हे मात्र सगळ्यात आधी तोडणाऱ्या बायांनाच कळतं. फूलउत्पादकांनो, तुमच्या ग्रुपमध्ये या बायांचेही नंबर घ्या आणि गाडी ठरवण्याआधी त्यांना विचारा.