महापालिकेचा दुसरा अर्थसंकल्प

महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. या बारा महिन्यांचा अर्थसंकल्प मात्र वर्ष उजाडण्यापूर्वीच तयार होतो. आयुक्त तो स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात फेरफार करून सर्वसाधारण सभेकडे पाठवते आणि सभेच्या मंजुरीनंतर तो अमलात येतो. एकूण आकडा किती, करवाढ आहे की नाही आणि नवे पूल, रस्ते, रुग्णालये कोणती, एवढे वृत्तपत्रात वाचले की सामान्य नागरिकाचा त्याच्याशी येणारा संबंध बहुधा संपतो. परंतु अर्थसंकल्पातील प्रत्येक आकडा हा अंदाजच असल्यामुळे, पहिल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष जमा किती झाली आणि खर्च किती झाला हे पाहून ऑक्टोबरच्या सुमारास तो दुरुस्त करण्याचे काम लेखा व वित्त विभागाला हाती घ्यावे लागते. या दुरुस्त आकड्यांना सुधारित अंदाज म्हणतात, आणि शहराचा पैसा खरोखर कोठे वळला हे मूळ अर्थसंकल्पापेक्षा त्यातूनच अधिक नेमके कळते.

महापालिकेच्या अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडले तर प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे एका विशिष्ट जमेच्या किंवा खर्चाच्या नोंदीपुढे, साधारणपणे चार रकाने दिसतात: सरलेल्या वर्षातील प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. भाषणे आणि बातम्या चौथ्या रकान्याभोवती फिरतात; दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांतील फरक हा मात्र प्रशासनाने स्वतःच्याच हाताने लिहिलेला स्वतःच्या कारभाराचा निकाल असतो, आणि तो बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात.

जमेची बाजू आधी पाहिली पाहिजे, कारण मध्यावरची दुरुस्ती बहुधा तेथूनच सुरू होते. मुंबईत २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली; त्या बदल्यात राज्य शासन महापालिकेला नुकसानभरपाई देते व ती दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने वाढते. २०२५-२६ साठी ही रक्कम सुमारे १४,३९८ कोटी रुपये धरण्यात आली होती. ती सूत्राने ठरत असल्यामुळे तिचा अंदाज सहसा चुकत नाही. मालमत्ता कराचे तसे नाही: देयके वेळेवर निघाली का, थकबाकीदार न्यायालयात गेले का, शासनाने एखादी सवलत जाहीर केली का, यावर वसुली हेलकावे खाते. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मिळालेली करमाफी हे अशा सवलतीचे ठळक उदाहरण होय. सर्वांत बेभरवशाची जमा विकास नियोजन खात्याची असते. वाढीव चटई क्षेत्रासाठी, म्हणजे भूखंडावर नेहमीपेक्षा जास्त बांधकाम करू देण्यासाठी, विकासकांकडून घेतले जाणारे अधिमूल्य आणि विकास शुल्क तीत मोडते, आणि घरबांधणीचा बाजार थंडावला की ती पाहता पाहता आटते.

२०२०-२१ या वर्षाने हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट करून दाखवले. मुंबई महापालिकेचा त्या वर्षाचा ३३,४४१ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प फेब्रुवारी २०२० मध्ये मांडला गेला आणि आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या आठवडाभर आधी देशभर टाळेबंदी लागू झाली. मालमत्ता करापोटी ६,७६८ कोटी रुपये अपेक्षित होते, ते सुधारित अंदाजात ४,५०० कोटींवर आणावे लागले. विकास नियोजन खात्याकडून ३,८७९ कोटी धरले होते, तेथे १,२०० कोटींवर समाधान मानावे लागले. एकूण महसुली उत्पन्नाचा अंदाज २८,४४८ कोटींवरून २२,५७२ कोटींवर उतरला. त्याच काळात रुग्णालये, विलगीकरण केंद्रे, औषधे आणि प्राणवायू यांवरचा जो खर्च मूळ अर्थसंकल्पात कोणाच्या स्वप्नातही नव्हता, तो करणे भाग होते. त्यासाठी आकस्मिक निधीला, म्हणजे अनपेक्षित संकटांसाठी राखून ठेवलेल्या रकमेला हात लावण्यात आला आणि तातडीच्या खरेदीचे विशेष अधिकार स्थायी समितीने आयुक्तांना दिले. ते देणे परिस्थितीला धरून होते यात शंका नाही; पुढे त्याच खर्चाचा तपशील समितीपुढे यावा म्हणून सदस्यांना वारंवार मागणी करावी लागली, हेही तितकेच नोंदवण्यासारखे आहे.

जमा घटली की खर्च कमी करायचा, हे सांगायला सोपे असले तरी महापालिकेच्या खर्चाचा मोठा भाग मुळीच हलवता येत नाही. वेतन, निवृत्तिवेतन, विजेचे देयक आणि कर्जाचे हप्ते ही बांधील देणी असतात. रोजच्या कारभारावरच्या अशा खर्चाला महसुली खर्च म्हणतात आणि रस्ता, पूल, जलवाहिनी, इमारत यांसारखी टिकाऊ मालमत्ता निर्माण करणाऱ्या खर्चाला भांडवली खर्च. मध्यावर कात्री लागते ती प्रथम ज्यांच्या निविदा अद्याप निघालेल्या नाहीत अशा भांडवली कामांना, आणि त्यानंतर महसुली खर्चातील ज्या भागाला तक्रार करता येत नाही त्याला, म्हणजे देखभाल-दुरुस्तीला. पहिली कपात समर्थनीय ठरू शकते, कारण न सुरू झालेले काम वर्षभर पुढे ढकलल्याने सहसा मोठे नुकसान होत नाही. दुसरी मात्र फसवी बचत असते; नाल्याची भिंत, शाळेचे छप्पर किंवा जलवाहिनीची गळती यंदा सोडून दिली, तर पुढील वर्षी तीच दुरुस्ती कितीतरी जास्त दराने नव्या कामाच्या रूपाने अर्थसंकल्पात परत येते.

दुरुस्तीचा दुसरा मार्ग म्हणजे एका लेखाशीर्षाखालील तरतूद दुसरीकडे नेणे. पुणे महापालिकेत आणि इतर काही ठिकाणी याला वर्गीकरण म्हणतात. त्याची रीत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, पावसाळ्यात अपेक्षेपेक्षा जास्त रस्ते उखडले आणि पथ विभागाची दुरुस्तीची तरतूद दिवाळीपूर्वीच संपली, तर खातेप्रमुख प्रस्ताव तयार करतात. त्यात रक्कम कोणत्या शीर्षातून काढायची, कोणत्या शीर्षात टाकायची, जेथून काढायची तेथे ती शिल्लक का राहिली आणि जेथे टाकायची तेथे ती का अपुरी पडली, हे नमूद करायचे असते. लेखा विभाग शिल्लक तपासतो, आयुक्तांच्या स्वाक्षरीने प्रस्ताव स्थायी समितीकडे जातो आणि आवश्यक तेथे सर्वसाधारण सभेची मान्यता घेतली जाते. यातील सर्वांत महत्त्वाचा रकाना ‘शिल्लक का राहिली’ हा होय, आणि नेमका तोच बहुधा ‘सदर काम चालू वर्षी होणे शक्य नसल्याने’ अशा एका ओळीत उरकला जातो. जागा ताब्यात आली नाही म्हणून उद्यानाचे काम रखडले असेल तर ते कारण समजण्याजोगे आहे. परंतु ती जागा ताब्यात नाही हे अर्थसंकल्प मांडतानाच ठाऊक होते काय, हा प्रश्न प्रस्तावावर कोणी सहसा विचारत नाही.

आयुक्ताने मनाला येईल तसा खर्च करू नये, त्याच्या हातातील प्रत्येक रुपयाला लोकप्रतिनिधींच्या मंजुरीची चौकट असावी, या तत्त्वामागे मुंबईचा इतिहास उभा आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त झालेले आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होते. त्यांच्या नावाची मंडई आजही त्याची साक्ष देते. पण त्यांच्या धडाक्यात खर्चाला धरबंध राहिला नाही, करदाते संतापले आणि १८७१ मधील वादळी चर्चांनंतर १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची, अंशतः निवडलेली महापालिका अस्तित्वात आली. तरुण फिरोजशहा मेहता या वादातूनच पुढे आले आणि १८८८ च्या ज्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, तोच बदल स्वीकारत आजही लागू आहे. त्या अधिनियमात मध्यावरच्या दुरुस्तीचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो: वर्षभराचे उत्पन्न मंजूर खर्च भागवून अखेरीस किमान एक लाख रुपये शिल्लक ठेवण्यास पुरणार नाही असे दिसल्यास, महापालिकेने खर्च कमी केला पाहिजे किंवा जादा कर बसवून मेळ साधला पाहिजे. सत्तर-पंचाहत्तर हजार कोटींच्या अर्थसंकल्पापुढे एक लाखाची शिल्लक आज हास्यास्पद वाटेल. तत्त्व मात्र जुने झालेले नाही.

या तत्त्वाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो मुळात फुगवलेल्या अर्थसंकल्पामुळे. पुणे महापालिकेच्या २०२१-२२ च्या अर्थसंकल्पाचा आयुक्तांनी सादर केलेला मसुदा ७,६५० कोटी रुपयांचा होता, तर स्थायी समितीने तो ८,३७० कोटींवर नेला. समितीला तसा अधिकार आहे आणि लोकांच्या मागण्यांना तेथे वाट मिळते, हेही खरे. परंतु वाढीव खर्चाचा मेळ घालण्यासाठी जमेची बाजू कागदावर वाढवली जाते आणि ती प्रत्यक्षात आली नाही की मंजूर कामांपैकी काहींना निधी मिळतो, काही ‘निधी उपलब्धतेनुसार’ या शब्दांखाली वर्षभर ताटकळतात. मग कोणत्या कामाला निधी द्यायचा हे सभागृहातील जाहीर चर्चेत न ठरता वर्गीकरणाच्या सुट्या सुट्या प्रस्तावांतून ठरत जाते. आर्थिक वर्ष संपता संपता तरतूद वाया जाऊ नये म्हणून बाकडी, कापडी पिशव्या आणि नामफलक यांवर होणाऱ्या खर्चावर पुण्यात वर्षानुवर्षे टीका होत आली आहे, तिचे मूळ येथे आहे. शिवाय झालेल्या कामांची न दिलेली देयके पुढील वर्षाच्या माथी दायित्व म्हणून बसतात आणि नवा अर्थसंकल्प जन्मतःच काही अंशी खर्ची पडलेला असतो.

मध्यावरची दुरुस्ती नेहमी कपातीचीच असते असे नाही. मुंबई महापालिकेचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प ५९,९५४ कोटी रुपयांचा होता. सुधारित अंदाजात तो ६५,१८० कोटींवर गेला. म्हणजे वर्ष चालू असताना सुमारे ५,२२६ कोटी रुपयांची भर पडली, आणि ही रक्कम राज्यातील अनेक महापालिकांच्या अख्ख्या अर्थसंकल्पाहून मोठी आहे. मोठ्या प्रकल्पांचा वेग वाढला की त्यांची देयकेही लवकर येतात, हे अशा वाढीमागचे नेहमीचे कारण असते आणि ते अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होता. प्रस्ताव मांडणारा आयुक्त, त्याला मंजुरी देणारी स्थायी समिती आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारी सर्वसाधारण सभा, या तिन्ही भूमिका एकाच अधिकाऱ्याकडे होत्या. क्रॉफर्ड यांच्या काळानंतर ज्या गोष्टीसाठी कायदा बदलावा लागला, तिच्या अगदी जवळ जाणारी ही अवस्था जवळजवळ चार वर्षे टिकली, आणि त्या काळातील सुधारित अंदाजांवर सभागृहात एक तासही चर्चा होऊ शकली नाही, कारण सभागृहच नव्हते.

आता राज्यातील २९ महापालिकांत निवडून आलेले सदस्य आहेत, तेव्हा सुधारित अंदाज फेब्रुवारीत नव्या अर्थसंकल्पाच्या गर्दीत मांडण्याची प्रथा बदलणे त्यांच्या हाती आहे. सहामाही जमाखर्चाचा आढावा नोव्हेंबरमध्येच स्वतंत्र विषय म्हणून सभागृहापुढे आला, त्यासोबत तोवर झालेल्या सर्व वर्गीकरणांची एकत्रित यादी प्रभागवार जोडली गेली आणि ती संकेतस्थळावरही ठेवली गेली, तर उरलेल्या पाच महिन्यांत चूक सुधारायला वेळ मिळेल. आजच्या पद्धतीत ती कळेपर्यंत वर्ष संपत आलेले असते. आपल्या प्रभागातील रस्त्याचे, शाळेचे किंवा दवाखान्याचे काम का थांबले हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या नागरिकाने नगरसेवकाला नव्या अर्थसंकल्पात काय मिळाले हे विचारण्याआधी, चालू वर्षी मंजूर झालेली रक्कम कोणत्या तारखेच्या ठरावाने आणि कोणत्या शीर्षाकडे वळवली गेली, हे विचारावे.