दोन डोस झाले होते, तरी कोरोना झाला. मग लस कशाला घेतली?

तुम्ही हे बसमध्ये इयरफोन लावून ऐकत असाल किंवा इथे वाचत असाल, आधीच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण हा प्रश्न मला माझ्या काकांनी आमच्या घरात, सगळ्यांसमोर विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर जे वाचलं, समजून घेतलं, ते आज सांगतो.

जानेवारी २०२२. ओमायक्रॉनची लाट नुकती चढत होती. माझे दोन्ही डोस झालेले, पहिला जूनमध्ये, दुसरा सप्टेंबरमध्ये. कोविशील्ड. सर्टिफिकेट फोनमध्ये, आणि आपण एकदम बिनधास्त. कोल्हापूरला मित्राचं लग्न होतं. तेव्हा लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती, पण पन्नास माणसं एका बंद हॉलमध्ये जेवली की व्हायचं ते होतंच. तिथून सांगलीला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी घसा खवखवायला लागला. म्हटलं, लग्नातलं आईस्क्रीम. रात्री आजीच्या शेजारी बसून जेवलो, तिच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मला ताप, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. आणखी दोन दिवसांनी आजीला ताप. वय अठ्ठ्याहत्तर, बीपी आणि शुगर दोन्ही. तिचेही दोन डोस झालेले, पण दुसऱ्या डोसला आठ-नऊ महिने उलटलेले. ते चार दिवस मी वरच्या खोलीत बंद, आणि खालून बाबा दर तीन तासांनी ऑक्सिमीटरचा आकडा ओरडून सांगायचे. सत्त्याण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव. पाचव्या दिवशी तिचा ताप उतरला.

मग काका म्हणाले, "दोन-दोन सुया टोचून घेतल्यास आणि म्हातारीला घरी आणून रोग दिलास. मग उपयोग काय झाला त्या लसीचा?" त्यांनी स्वतः एकही डोस घेतला नव्हता. आणि आजी हळूच म्हणाली, "मी आता तिसरी घेणार नाही बाबा."

आता मुद्द्यावर येऊ. आपली पहिली चूक अशी की लस म्हणजे ढाल, हे आपण धरून चाललो. नावातच 'शील्ड' आहे म्हटल्यावर दुसरं काय वाटणार! पण ऑक्सफर्डच्या ज्या संशोधनातून ही लस आली, त्याचा पहिला मोठा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या चाचण्या होत्या. लस घेतलेल्या ५,८०७ लोकांपैकी ३० जणांना लक्षणांसह कोरोना झाला होता. न घेतलेल्या ५,८२९ पैकी १०१ जणांना. ७० टक्के परिणामकारक म्हणतात ते यावरून. म्हणजे लस घेऊनही आजारी पडणारी माणसं पहिल्या दिवसापासून त्या तक्त्यात होती. कुणी लपवलं नव्हतं, आपणच वाचलं नव्हतं. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या डोसला तीन आठवडे झाल्यानंतर कोरोनामुळे हॉस्पिटलमध्ये भरती झालेले दहा जण होते, आणि ते दहाही लस न घेतलेल्या गटातले.

आजार होतो, पण हॉस्पिटल टळतं, हे असं का? मला सगळ्यात भारी वाटलेला भाग हाच आहे.

दंडात सुई घेतली की अँटिबॉडी तयार होतात त्या मुख्यतः रक्तात. विषाणू येतो नाकातून. नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर दंडातल्या लसीचा पहारा फार कमी असतो. डोस घेतल्यावर सुरुवातीचे काही आठवडे रक्तात अँटिबॉडी इतक्या असतात की नाकापर्यंतही थोड्या पोचतात. मग महिन्यागणिक त्या कमी होतात. याला बिघाड समजू नका. प्रत्येक जुन्या शत्रूसाठी शरीर कायम फौज उभी ठेवत बसलं तर रक्ताची खीर होईल. फौज घरी जाते आणि मागे राहतात स्मृतिपेशी. त्यांना त्या विषाणूचा चेहरा पाठ असतो. तो पुन्हा आला की त्या जाग्या होतात आणि पुन्हा फौज उभी करतात.

पण उभी करायला वेळ लागतो. साधारण तीन ते पाच दिवस. आणि सगळा खेळ इथेच आहे.

गोवर घ्या. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दहा-बारा दिवस जातात. स्मृतिपेशींना उठून, आवरून, चहा पिऊन कामाला लागायला भरपूर वेळ. म्हणून गोवराचे दोन डोस सुमारे ९७ टक्के लोकांना आजारापासून वाचवतात, तेही वर्षानुवर्षं. ओमायक्रॉनला लक्षणं दाखवायला तीनेक दिवस पुरतात. फौज निघेपर्यंत तो नाका-घशात वाढून, शिंकेतून पुढच्या माणसाकडे गेलेलासुद्धा असतो. माझ्याकडून आजीकडे गेला तो असाच. पण फुप्फुसांपर्यंत उतरून तिथे नासधूस करायला त्याला आणखी दिवस लागतात, आणि तोवर फौज पोचलेली असते. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम चालू होती, लेटन्सी जास्त होती.

वर ओमायक्रॉनने वेष पालटलेला. लस बनली होती जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या मूळ विषाणूच्या जनुकीय माहितीवरून. ओमायक्रॉनच्या काट्यांमध्ये, म्हणजे स्पाइक प्रोटीनमध्ये, तीसहून जास्त बदल होते. जुन्या अँटिबॉडी त्याला नीट धरू शकत नव्हत्या. टी-पेशींची ओळखायची पद्धत मात्र वेगळी. त्या प्रोटीनचे छोटे छोटे तुकडे पाहतात, आणि त्यातले बहुतेक तुकडे तसेच राहिले होते.

इथे काकांचा दुसरा मुद्दा येतो, आणि तो चुकीचा नव्हता. "ओमायक्रॉन मुळातच सौम्य होता, लसीचं कौतुक कशाला?" काही अंशी खरं आहे. हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगात तो श्वासनलिकांच्या पेशींत डेल्टापेक्षा फार वेगाने, पण फुप्फुसाच्या पेशींत बराच हळू वाढताना दिसला होता. पण त्याच हाँगकाँगमध्ये २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झालं ते पाहा. तिथल्या ऐंशीच्या पुढच्या बहुतेक म्हाताऱ्यांनी लाटेच्या सुरुवातीला दोन डोस घेतलेले नव्हते. पंचाहत्तर लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात त्या एका लाटेत नऊ हजारांवर माणसं गेली, बहुतेक वयस्कर आणि लस अपुरी किंवा न घेतलेली. विषाणू तोच, 'सौम्य'वाला.

आणि तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आठवतोय? 'हॉस्पिटलमधले निम्म्याहून जास्त पेशंट लस घेतलेले!' समजा एका गावात हजार म्हातारी माणसं आहेत. ९५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी नाही. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त हिशेब बघा. लस न घेतलेल्यांतले शंभरात वीस भरती होतात, म्हणजे १०. घेतलेल्यांतले शंभरात दोनच, तरी ते होतात १९. एकूण २९ पैकी १९ लसवाले. फॉरवर्ड खरा, आणि लसीने धोका दहापट कमी केला हेही खरं.

आजी वाचली ती लसीमुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. एका माणसावरून ते कधीच कळत नाही. पण माझी चूक कुठे झाली ते मला नक्की कळलं. घसा खवखवत असताना मी सर्टिफिकेटच्या भरवशावर तिच्या ताटात जेवलो. मास्क लावून वर गेलो असतो, तर कदाचित तिच्यापर्यंत पोचलाच नसता.

बरं झाल्यावर तीन महिने थांबून मगच पुढचा डोस घ्यायचा, असा नियम होता. त्या तीन महिन्यांत मी आजीला हे सगळं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, तिच्या भाषेत. गोवराचं तिला लगेच पटलं. काकांना नाही पटलं, अजूनही नाही. मे महिन्यात सरकारी केंद्रावर तिला घेऊन गेलो. रांगेत बसल्या बसल्या तिने विचारलं, "आता तरी होणार नाही ना रे?"

पहिल्या डोसच्या वेळी याच प्रश्नाला मी ठोकून दिलं होतं, "आजी, आता काही होत नाही तुला." या वेळी म्हटलं, "होऊ शकतो. पण दवाखान्यात जायची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी."

तिने थोडा विचार केला. मग ब्लाऊजची बाही वर सरकवत म्हणाली, "हे आधी सांगायचं होतंस."