वाद्यवृंदासाठीं मिक्सर

गायक, गिटार, ड्रम यांचे आवाज एकत्र आणून त्यांचें परस्पर प्रमाण राखणारें यंत्र म्हणजे मिक्सर. स्वयंपाकघरांतील मिक्सराशीं त्याचें साम्य नांवापुरतेंच. कार्यक्रम व ध्वनिमुद्रण हीं दोन्ही कामें त्याजकडून घ्यावयाचीं असल्यास खरेदीदार बहुधा त्यावरील बटणें मोजीत बसतो. खरा प्रश्न निराळाच आहे. प्रत्येक आवाज संगणकाकडे स्वतंत्र जातो, कीं सर्वांचें मिश्रणच तेवढें जातें?

लहान सभागृहांत ड्रम मुळांतच इतका घुमतो कीं तो मिक्सरमधून फारसा द्यावाच लागत नाहीं. समोरच्या श्रोत्यांस तें प्रमाण गोड लागतें. परंतु तेंच मिश्रण मुद्रित करून घरीं ऐकावें, तर गायक कानाशीं आणि ड्रम शेजारच्या वाड्यांत! स्वतंत्र मुद्रण असेल तर हें प्रमाण मागाहून सुधारतां येतें. यामाहाचा 'एमजी १० एक्सयू' यूएसबीवाटे केवळ २ वाहिन्यांचें मिश्रण पाठवितो. बेहरिंगरचा 'एक्सआर १८' अठराही वाहिन्या निरनिराळ्या देतो. मात्र या दुसऱ्यावर सरकत्या कळा नाहींत. सारा कारभार टॅब्लेटवरून. तेव्हां भर कार्यक्रमांत त्याच्या अंगच्या वायफायवर विसंबण्यापेक्षां स्वतंत्र राउटर तारेनें जोडलेला बरा.