काळ्या-पिवळ्याचें गाणें

गेल्या गणपतींत आमचा नातू अमेरिकेहून दोन वर्षांचें शिक्षण पुरें करून घरीं आला. एके दुपारीं त्यानें माजघरांत एक इंग्रजी गाणें लाविलें. गाणें कसलें, ठेक्यावर चाललेलें भरधांव बोलणेंच तें! आम्ही वर्तमानपत्र खालीं ठेवून म्हणालों, "बंद कर हें. यांत ना सूर, ना रस, ना अर्थ." त्यानें निमूटपणें बंद केलें, पण मग रात्रीं जेवतांनाहि तो फारसा बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हींच विषय काढिला, आणि जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील पिट्सबर्ग हें पोलादाच्या कारखान्यांमुळें नांवारूपास आलेलें शहर. १७५८ सालीं इंग्रजांनीं त्यास विल्यम पिट या मुत्सद्द्याचें नांव दिलें. त्याच्याच कुलचिन्हावरून काळा व सोनेरी हे रंग नगराच्या निशाणावर आले. तेथील फुटबॉल, बेसबॉल व बर्फावरील हॉकी या तिन्ही खेळांचे धंदेवाईक संघ हेच रंग धारण करितात. फुटबॉलच्या 'स्टीलर्स' संघाचे चाहते तर १९७५ पासून सामन्याच्या वेळीं पिवळा पंचा गरगर फिरवितात. तसाच एक पंचा नातवानें आणिला होता. घरांत त्यास भांडीं पुसण्याचें फडकें समजण्यांत आलें, ही गोष्ट वेगळी!

याच शहरांत वाढलेल्या विझ खलिफा या रॅपगायकानें २०१० च्या सप्टेंबरांत 'ब्लॅक अँड यलो' हें गाणें प्रसिद्ध केलें. त्यांत गांवाचा उल्लेख ओझरता. मूळ निमित्त म्हणजे कवीची काळ्या पट्ट्यांची पिवळी मोटार, आणि बाकी सारा श्रीमंतीचा तोरा. पण त्याच हंगामांत स्टीलर्स जिंकत गेले, आणि लोकांनीं तें गाणें आपलेंसें केलें. ६ फेब्रुवारी २०११ रोजीं अंतिम सामना झाला. त्याच महिन्यांत गाणें अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादींत पहिलें आलें. प्रतिपक्षी ग्रीन बे पॅकर्सचे रंग हिरवा व पिवळा. तेव्हां लिल वेन या दुसऱ्या रॅपगायकानें त्यांच्यासाठीं त्याच गाण्याचा हिरवा अवतार काढिला! सामना पॅकर्सनीं ३१–२५ असा जिंकला. पण पराभवामुळें पिट्सबर्गकरांनीं आपलें गाणें टाकिलें नाहीं.

काव्यशास्त्र शिकवितांना आम्ही नेहमीं एक दृष्टान्त देत असूं. 'सूर्य मावळला' हें एकच वाक्य. परंतु गुराख्यास तें गुरें वळविण्याची सूचना देतें, तर ब्राह्मणास संध्येची. शब्दांचा अर्थ बोलणाऱ्यापाशीं संपत नाहीं, हें आम्ही चाळीस वर्षें मुलांस सांगितलें, आणि घरांतल्या मुलाच्या वेळीं नेमकें विसरलों. काळें-पिवळें म्हणतांच आम्हांस मुंबईची टॅक्सी आठवते. कवीस त्याची मोटार. त्या शहरास त्याचें निशाण.

"आणि तुला काय आठवतें?" आम्ही नातवास विचारिलें.

तो म्हणाला, "आजोबा, पहिल्या हिंवाळ्यांत मला तिथें कोणी ओळखीचें नव्हतें. सामन्याच्या दिवशीं हें गाणें लागलें कीं शेजारच्या अनोळखी माणसानेंहि माझ्या खांद्यावर हात टाकावा."

गाण्यांतला तोरा आम्हांस आजहि रुचत नाहीं, आणि तसें आम्ही त्यास स्पष्ट सांगितलें. परंतु ज्या गाण्यानें आमच्या मुलास परक्या मुलखांत एकटें पडूं दिलें नाहीं, त्यास निरर्थक म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तो पिवळा पंचा आतां स्वयंपाकघरांतून काढून, धुवून, घडी घालून त्याच्या कपाटांत ठेविला आहे.